टोपलीत उरलेली अंबाडी

परवा तुम्ही दोघांनी फोनवर मला तुमच्या गावचा शनिवारचा बाजार दाखवलात. पांढऱ्या कापडाची छपरं, खाली लाकडी खोक्यांत मांडलेली गाजरं आणि एवढाले भोपळे. तुम्ही भराभर चालत होतात, त्यामुळे मला नीट काही दिसत नव्हतं. पण एका ठिकाणी पिकल्या केसांची एक बाई उभी होती. तिच्या हातात रंगीत कागदाचे तुकडे होते आणि ती ते एकेक करून भाजीवाल्याला देत होती.

मी विचारलं, "ते काय देते आहे गं ती?"

तू म्हणालीस, "कुपनं, आजी. ज्या म्हाताऱ्या माणसांचं भागत नाही, त्यांना ताज्या भाजीसाठी मिळतात."

"आम्हीही करत होतो ते. आदिलाबादला."

तुम्ही दोघं हसलात. तुम्हाला वाटलं, आजी गंमत करते आहे. मग तुमची पिशवी भरली, तुम्हाला गाडी गाठायची होती, आणि फोन बंद झाला.

गंमत नव्हती, म्हणून लिहायला बसले आहे. तुमच्या आईने तुम्हाला मराठी वाचायला शिकवलं, त्या मेहनतीचं चीज होऊ दे. अक्षर मोठं काढते आहे. शब्द अडला तर तिला विचारा, आणि या गोष्टीतली मावशी तिला आठवते का, तेही विचारा.

तेव्हा आंध्र प्रदेश एकच होता आणि हैदराबाद फार लांब होतं. तिथून निघालेली सरकारी गोष्ट आमच्यापर्यंत पोचेपर्यंत बरीच विटलेली असायची. रैतू बाजार मात्र चांगला ताजा पोचला. रैतू म्हणजे शेतकरी. आपल्या 'रयत' या शब्दाचाच तो तेलुगू भाऊ. पत्र्याची लांब शेड, सिमेंटचे ओटे आणि दारात त्या दिवसाचे भाव लिहिलेला फळा. आत बसायला शेतकऱ्याकडे फोटोचं ओळखपत्र लागायचं. दलाल नाही, भाव ठरलेला, काटा तपासलेला. सकाळी गुडीहत्नूर, जैनथ, इंद्रवेल्लीकडून ऑटो भरभरून भाजी यायची आणि दहापर्यंत संपायची.

मी नुकतीच निवृत्त झाले होते. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. तुमचे आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती. तुमची आई लग्न होऊन परदेशी गेली होती आणि तुम्ही अजून कुठेच नव्हतात. सकाळी पाचला जाग यायची, साडेसहापर्यंत घर आवरून व्हायचं, आणि मग पुढे काय करायचं ते मला कळायचं नाही. रैतू बाजारात मी रोज जायची ती भाजीपेक्षा माणसं बघायला.

तिथेच माझ्या लक्षात आलं, की बुद्धविहारामागच्या वस्तीतली म्हातारी माणसं त्या बाजारात येत नाहीत. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतांत राबलेली माणसं ती. आता हात चालत नव्हते. रेशनचा तांदूळ मिळायचा, त्यामुळे पोट भरत होतं. पण भाताबरोबर काय, तर चिंचेचं पाणी, नाहीतर तिखट-मीठ. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई मला एकदा म्हणाल्या, "यांना मी पालेभाजी खा म्हणून सांगते, आणि यांच्याकडे बघून मलाच लाज वाटते."

आम्ही पाच निवृत्त शिक्षिका एकत्र आलो. योजना मी आखली. शाळेतून जुन्या प्रगतिपुस्तकांचे पुठ्ठे आणले, त्यांचे सारखे तुकडे कापले आणि रंगवले. हिरवा पालेभाजीचा, पिवळा वांगी-दोडक्याचा, लाल टोमॅटो-मिरचीचा. त्यावर शिक्का हवा होता. माझ्याकडे वह्या तपासायचा एकच शिक्का होता, तोच मारला. त्यामुळे आमच्या प्रत्येक चिठ्ठीवर 'तपासले' असं उमटलं. शुक्रवारी सकाळी ऑटो विहारापासून बाजारापर्यंत दोनदा जायचा. माणसं आपल्या चिठ्ठ्या देऊन हवी ती भाजी घ्यायची, आणि शेवटी आम्ही शेतकऱ्यांकडून चिठ्ठ्या परत घेऊन आमच्या पेन्शनमधून त्यांचं देणं देऊन टाकायचो. माझ्याकडे यादी होती. यादीत बारा माणसं होती. बारावी मावशी होती.

मावशी कोण, ते सांगायला मला बरंच मागे जावं लागेल.

मी नागपूरच्या वसतिगृहात वाढले. मेसच्या ताटात जे पडेल ते खाल्लं आणि पुस्तकं वाचली. लग्न होऊन आदिलाबादला आले तेव्हा मला इंग्रजी कविता तोंडपाठ होत्या आणि मेथी न् शेपूतला फरक कळत नव्हता. पहिल्याच आठवड्यात दाराशी हाक आली, "अंबाडी घ्या, चुका घ्या, वांगे घ्या!" जैनथकडच्या गावातून पहिल्या बसने येणारी ती बाई. डोक्यावर बांबूची टोपली, साडीचा काचा मारलेला, माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठी.

मी म्हटलं, "पालेभाजी द्या."

"कोन्ती?"

मी बोटाने दाखवली. ती माझ्याकडे बघत राहिली. "बाई, तुमी मास्तरीन ना? अन् अंबाडीले नाव नाई तुमच्याकडं?"

मी ती अंबाडी तशीच फोडणीला टाकली. इतकी आंबट झाली, की तुमच्या आजोबांनी एक घास खाल्ला आणि दही मागितलं, तेही त्यापुढे गोड लागलं असणार. दुसऱ्या फेरीला मी तिला सांगितलं तेव्हा ती पायरीवर बसून हसली. मग टोपली बाजूला ठेवून स्वयंपाकघरात आली. अंबाडी आधी उकडायची, पाणी फेकायचं, ज्वारीच्या कण्या टाकून घोटायची आणि वरून लसणाचं कडकडीत तेल. ते मी तिच्याकडून शिकले. शाळेत मी बाई होते आणि स्वयंपाकघरात ती.

भाजी मोजून झाली की तिचा हात पुन्हा टोपलीत जायचा आणि आणखी एक मूठ माझ्या सुपात पडायची. "हे वरून." बाजारातल्या तेलुगू बायका त्याला कोसरु म्हणायच्या. मापाच्या वर, न मागता. तुमची आई रांगायला लागल्यावर ती मूठ दोनदा पडायला लागली. "हे तुमाले वरून, अन् हे लेकराले वरून." तुमच्या आईने आयुष्यातली पहिली काकडी तिच्या हातची खाल्ली, दारात बसून, पैनगंगेच्या काठच्या वाडीतली.

असं तीस वर्षं चाललं. मग तिचे गुडघे गेले, नवरा गेला, मुलगा-सून कामासाठी चंद्रपूरकडे गेले. गावातलं झोपडं पडलं तेव्हा ती विहारामागे एका खोलीत येऊन राहिली. फेरी बंद झाली. मला शुक्रवार-मंगळवार ओळखू येईनासे झाले, कारण ते मला तिच्या हाकेने कळायचे.

म्हणून यादीत बारावी मावशी आली तेव्हा मला फार आनंद झाला. वाटलं, तीस वर्षं तिने मला खाऊ घातलं, आता माझी पाळी.

पहिला शुक्रवार. ऑटोतून उतरल्यावर सगळे बिचकले. आमच्या शाळेचे जुने शिपाई, त्यांना आम्ही सगळ्या मामा म्हणायचो, ते चिठ्ठी उलटसुलट करून म्हणाले, "बाई, हे 'तपासले' भाजीवर हाये का आमच्यावर?" त्याने जरा हसू पसरलं. मावशी हसली नाही. ती ओट्यांकडे बघत होती. टोपलीशिवाय बाजारात उभी राहिलेली मी तिला पहिल्यांदाच बघत होते, आणि हातांचं काय करावं हे तिला समजत नव्हतं.

गुडीहत्नूरची एक शेतकरीण पालेभाजी घेऊन बसायची. तिच्यासमोर मावशी थांबली. अंबाडीची जुडी उचलली, एक दांडा मोडला, नाकाशी नेला.

"कालची हाये."

"ई रोजुदे, अव्वा!" शेतकरीण म्हणाली. आजचीच आहे, आजी.

"दांडा खोटं नाई बोलत, पोरी."

शेतकरणीने हसून हार मानली आणि खालची ओली जुडी काढली. काट्यावर टाकली, हिरवी चिठ्ठी घेतली, अंबाडी मावशीच्या पिशवीत ओतली. मावशीच्या मागे वस्तीतलीच एक बाई उभी होती. तिचीही अंबाडी मोजून पिशवीत पडली. आणि तेवढ्यात मावशीचा हात आपल्या पिशवीत गेला, एक मूठ अंबाडी वर आली, आणि त्या बाईच्या पिशवीत पडली.

"घे वं. हे वरून."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग एकदम हशा झाला. शेतकरीण हसत ओरडली, "अव्वा, अदि नीदे!" अगं आजी, ते तुझंच आहे. मामा म्हणाले, "मावशे, गिऱ्हाईक झाली ना तू आता! का फुकटात दुकान मांडून राह्यली?"

यात वाईट काही नव्हतं. मावशीही कदाचित हसली असती. पण मी पुढे झाले. मला वाटलं, म्हातारपण आहे, गोंधळली. वर्गात एकीचं पेन्सिल-खोडरबर दुसरीकडे गेलं की जे करत आले तेच मी केलं. त्या बाईच्या पिशवीतून ती मूठ काढली, मावशीच्या पिशवीत परत टाकली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हटलं, "मावशी, हे तुमच्या वाटणीचं आहे. हे तुम्हाला दिलेलं आहे."

मावशीने पिशवीचं तोंड मुठीत आवळलं.

पुढच्या शुक्रवारी ती आली नाही. गुडघे दुखत असतील म्हणून मी तिची भाजी ऑटोवाल्याबरोबर पाठवली. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तसंच. ऑटोवाला म्हणाला, "घेतली आजीनं." मी यादीत बरोबरची खूण केली. माझ्या यादीत रिकामी जागा राहिली नाही, याचंच मला समाधान.

पुढच्या आठवड्यात नर्सबाई रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्या त्या मावशी आल्या होत्या. रक्त फार कमी झालंय. तुम्ही भाजी देता ना त्यांना?"

"दर शुक्रवारी," मी म्हटलं.

"मग खात नाहीत त्या."

त्या शुक्रवारी बाजार उरकल्यावर मी स्वतः तिच्या खोलीवर गेले. कडी लावलेली होती. शेजारीण म्हणाली, "मावशी फेरीले गेली."

"कुठल्या फेरीला?"

"भाजीच्या."

दोन गल्ल्या पलीकडे ती दिसली. तीच बांबूची टोपली, पण डोक्यावर पेलत नव्हती म्हणून कमरेवर. एका दारात थांबून तिने हलकेच हाक दिली, "अंबाडी हाये वं." आत खाटेवर एक म्हातारा पडून होता. तिने दोन वांगी आणि पालेभाजीची मूठ उंबऱ्याच्या आत ठेवली, वर आणखी चार पानं टाकली आणि पुढे निघाली. मी मागे मागे चालत राहिले, परीक्षेत पर्यवेक्षक चालतात तशी. चार घरं झाली. टोपली रिकामी झाली. मग ती एका ओट्यावर टेकली आणि मान न वळवता म्हणाली, "या बाई. बसा. कव्हापासून पायताण वाजून राह्यलं तुमचं."

मी बसले. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या, इतका हात बारीक झाला होता.

"मावशी, आज जेवणार काय तुम्ही?"

"टोपली पाहा. उरलं का काई?"

"अहो, ती भाजी तुमच्यासाठी असते. वाटायला नाही."

तिने रिकामी टोपली मांडीवर ओढली. मग म्हणाली, "तुमी शिकलेल्या. मले एक सांगा. तीस वर्षं तुमच्या दारात आली मी. भरल्या टोपलीतून आपल्यासाठी एक जुडी बाजूले काढतानी पाह्यलं तुमी मले?"

"नाही."

"पैली भाजी गिऱ्हाइकाची. फेरी झाली, घरी आलं, टोपलीत राह्यलं थे माह्यं. पिवळं पान असन, किडकं वांगं असन. तेच खाल्लं, लेकरायलेबी तेच घातलं, अन् गोड लागलं. भरली टोपली समोर असली तं घास उतरत नाई, बाई. मी का मुद्दाम करतो?"

"पण आता तुम्ही विकत नाही ना."

"मंग का झालं? आता तं देऊनच राह्यली. देतानी हात आखडू का?"

मग तिने ते काढलंच. माझ्याकडे न बघता, टोपलीच्या कडेचा निघालेला बांबूचा काप बोटाने आत सारत ती म्हणाली, "त्या दिशी तुमी तिच्या पिशवीतून मूठ काढून घेतली. वरून टाकलेली मूठ होती थे. असं कोनी करते का, बाई?"

मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या," आणि उठायला माझा हात धरला. हात धरला, एवढं मला पुरलं. पण तिचं पोट त्याने भरणार नव्हतं.

घरी येऊन मी यादी समोर घेतली. त्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं नाव तीत नव्हतं. बाकीच्या तिघांचंही नव्हतं. जे ऑटोपर्यंत चालत येऊ शकतील तेवढेच मी धरले होते. ज्यांना उठताच येत नाही ते माझ्या सुबक रकान्यांतून पार गळून गेले होते, आणि ते चार उंबरे मावशीने एकटीने शोधले होते, स्वतःच्या वाटणीवर.

पुढच्या शुक्रवारी मी सकाळीच तिच्या दाराशी गेले. "मावशी, टोपली घ्या आणि चला."

"चिठ्ठ्या नको मले."

"चिठ्ठ्या तुमच्या नाहीत. चार घरची माणसं उठत नाहीत. त्यांची भाजी कोणीतरी निवडली पाहिजे, पोचवली पाहिजे. मला निवडता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. टोपलीत उरलं तर ते तुमचं."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग खुंटीवरची टोपली काढली.

त्या दिवशी बाजारात तिने जे केलं ते बघायला तुम्ही हवे होतात. दोडका दाबून पाहिला, वांग्याचं देठ वाकवून पाहिलं, एका टोमॅटोवाल्याला म्हणाली, "खालचे वर कर, मंग बोल." आणि गुडीहत्नूरच्या त्या शेतकरणीने काटा उतरवल्यावर, ठरलेल्या भावाच्या त्या बाजारात, मावशी टोपली पुढे धरून नुसती उभी राहिली. हलेचना. शेतकरणीने मान हलवली, हसली, आणि एक मूठ अंबाडी वरून टाकली. त्यानंतर आमच्या सगळ्याच म्हाताऱ्यांच्या पिशव्यांत ती मूठ पडायला लागली. मामा म्हणायचे, "मावशेनं सरकारी काटा वाकवला."

चार घरांसाठी मी सहा घरच्या चिठ्ठ्या द्यायची, टोपलीत काहीतरी राहावं म्हणून. तिसऱ्या आठवड्यात तिने पकडलं.

"बाई, तुमचं गनित कच्चं हाये."

"मी इंग्रजीची, मावशी. गणित माझ्याकडे कधीच नव्हतं."

"हं," ती म्हणाली, आणि ते चालू दिलं.

फेरीचं शेवटचं घर माझं असायचं. बाराच्या सुमारास पायरीशी टोपली टेकल्याचा आवाज यायचा. टोपलीत काय उरलं ते ती मला दाखवायची, मी डोकावून बघायची, आणि कोणत्या वांग्याचं भरीत होईल यावर आम्ही बोलायचो. मग पाणी पिऊन ती घरी जायची, उरलेलं शिजवायला. संक्रांतीपर्यंत बांगड्या मनगटाशी थांबायला लागल्या. पुन्हा मला शुक्रवार तिच्या हाकेने कळायला लागले. तुमच्या आईला मी पत्रात हे सगळं लिहायची. उत्तरात ती एकदा म्हणाली होती, "आई, इथे काकडीला वास येत नाही."

पण उंबरे वाढत गेले. मी जितकं जास्त घालावं तितकी ती नवी दारं शोधायची. चाराची सात घरं झाली, साताची नऊ. कोणाची आई अंथरुणाला खिळली, कोणी म्हातारी खोकत पडली आहे, मावशीला जणू वास लागायचा. आणि मग उरायचं कमी कमी. मी रागावले तर म्हणायची, "फेरी हाये. फेरीले का माप असते?"

दुसऱ्या वर्षीच्या भाद्रपदातली गोष्ट. बाराचा एक वाजून गेला तरी पायरीशी आवाज नाही. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. दीडच्या सुमारास ती आली. टोपली उताणी करून पायरीवर ठेवली आणि तिच्याशेजारी बसली. पाय सुजलेले होते.

"आज काई उरलं नाई, बाई. एक घर वाढलं."

"मग आज खाणार काय?"

"भात हाये ना."

मी सकाळी अंबाडी केली होती, तिने शिकवलेली, कण्या घातलेली. मी एकटी असूनही अंदाज अजून तिघांचाच पडायचा. ती येईपर्यंत थांबायचं म्हणून मी जेवले नव्हते. मी पातेलं आणि ताट घेऊन बाहेर आले.

ती मागे सरकली. "नको बाई. तुमी जेवल्या का?"

मुली खोटं बोलल्या की मी त्यांना वर्गाबाहेर उभं करायची. मी म्हटलं, "हो. आमचं सगळ्यांचं झालं. हे उरलं आहे."

आमचं सगळ्यांचं. पायरीवरून स्वयंपाकघर सरळ दिसायचं. मांडणीवर एकच ताट कोरडं उभं होतं. दुसरं माझ्या हातात होतं. बाहेरच्या खोलीत तुमच्या आजोबांचा फोटो होता, आणि तुमच्या आईची सायकल, जी कोणाला द्यायला माझं मन होत नव्हतं. मावशीने आत बघितलं. त्या ताटावर तिची नजर थांबली, मग माझ्यावर.

"उरलेलं हाये?"

"उरलेलंच आहे."

"मंग वाढा."

ती जेवली. सावकाश, एकही घास न सांडता. तेल जरा कमी पडलं म्हणाली, लसूण बरा जळला म्हणाली. तीस-बत्तीस वर्षांत ती आमच्या घरी पहिल्यांदा जेवत होती, हे मला तेव्हा कळलं. त्याआधी तिने माझ्याकडे फक्त पाणी प्यायलं होतं. पातेलं बरोबर अर्ध्यावर आल्यावर तिने हात थांबवला आणि ते माझ्याकडे सरकवलं.

"आता हे उरलं," ती म्हणाली. "आता तुमी खा."

मी तिथेच पायरीवर बसून पातेल्यातून खाल्लं. ती माझ्याकडे बघत बसली, तिने शिकवलेली पहिली अंबाडी मी चाखली त्या दिवशी बसली होती तशी.

दसरा झाल्यावर तिचा मुलगा आला आणि तिला घेऊन गेला. चांगला होता मुलगा. म्हणाला, "एकटी कशी ठेवू?" ऑटोत बसताना तिने टोपली माझ्याकडे दिली. "तिकडं कुठं नेऊ. येईन तवा घेईन." पत्ता मी लिहून घेतला होता. दोन पत्रं टाकली. तिला वाचता येत नव्हतं, कोणी वाचून दाखवली का ते मला माहीत नाही. उत्तर आलं नाही. तिच्या घरांची भाजी आम्ही जमेल तोवर पोचवत राहिलो. माझी यादी आता नीट होती, सगळी दारं तिच्यात होती. पण दारात हाक देणारं कोणी नव्हतं. आम्ही पिशवी ठेवायचो आणि निघायचो.

टोपली अजून माझ्याकडे आहे, कपाटावर. कडेचा काप पुन्हा निघाला आहे. दर शुक्रवारी मी ती पुसते. तिच्यात काही ठेवत नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या शनिवारी बाजारात ती पिकल्या केसांची बाई दिसली, तर फोन जरा तिच्याकडे धरा. लांबूनच, तिला अवघड वाटेल असं नको. चिठ्ठ्या देऊन झाल्यावर, पिशवी भरल्यावर, ती कुठे जाते ते मला बघायचं आहे. सरळ घरी जाते, की वाटेत कुठल्या दारात थांबते.